मुकादमाच्या हाताखाली

शांतवन उजागरे हा जागेपणी स्वप्नं बघणारा माणूस. त्याची मूळची सवयच तशी. नगरकडच्या त्याच्या गावी मिशनच्या शाळेत मास्तर पाढे म्हणून घ्यायचे, तेव्हा हा खिडकीबाहेरच्या लिंबाकडं बघत राही आणि सातापाचा पस्तीस म्हणता म्हणता त्याला लिंबाखालून उंटांचा तांडा जाताना दिसे. मास्तर छडी मारत. ती छडीसुद्धा त्याला जरा लांबूनच लागे.

पंचावन्न साली तो बायकोला, सोजराला, घेऊन कासारवाडीला आला. पिंपरीच्या बाजूला माळामाळानं कारखाने उभे राहत होते आणि हाताला काम मिळत होतं. त्यातल्या एका रंगाच्या कारखान्यानं आपल्या लोकांसाठी वसाहत बांधायला काढली होती. घरं अजून जोत्याच्या वर आली नव्हती, पण तिथल्या साहेबांना झाडांची मोठी हौस. रस्ते व्हायच्या आधी रस्त्याकडेची झाडं तयार पाहिजेत, असं त्यांनी ठरवलं आणि पवनेच्या काठाला दोन एकरांत रोपवाटिका घातली. शांतवनला तिथं माळ्याचं काम मिळालं.

त्याच्यासारख्याला याहून बरी जागा मिळाली नसती. नदीवरून सकाळी धुकं वर यायचं आणि रॉकेलच्या कापलेल्या डब्यांत लावलेली सातशे रोपं त्यात बुडून जायची. बहुतेक सगळी बुचाची. वीतभर उंचीची, चार-सहा पानांची. शांतवन झारी घेऊन ओळींमधून फिरायचा आणि त्याला ती तेवढी दिसायचीच नाहीत. त्याला दिसायचा एक लांबलचक रस्ता, दोन्ही अंगांना उंच गेलेली झाडं, आणि खाली पांढऱ्या फुलांचा असा सडा, की चालणाऱ्याला पाय कुठं ठेवावा कळू नये. तो खरंच एकेक पाऊल जपून टाकी. बघणारे हसत.

त्याच्या हाताखाली कौशल्याबाई म्हणून एक बाई होती. चाळिशीची, विधवा, मूळची कासारवाडीचीच. रोपवाटिकेची जमीन म्हणजे तिच्या सासऱ्याचं जुनं रान. कारखान्यासाठी ते गेलं आणि आता ती आपल्याच विहिरीचं पाणी दुसऱ्याच्या रोपांना घालत होती. पण तिच्या बोलण्यात त्याची कुरकुर कधी यायची नाही. "हितं आमची जवारी असायची दादा, डोक्याएवढी," ती कधीतरी म्हणायची आणि पुढच्या डब्याकडं वळायची.

आणि दोघांच्या वर होता हिंदुराव मुकादम.

हिंदुराव नदीपलीकडच्या गावचा. अंगानं आडवा, डोक्याला कोशा पटका, आवाज असा की विहिरीत बोलल्यासारखा घुमावा. झाडांतलं त्याला काही कळत नव्हतं. माणसं मात्र कळत होती. कोण उलटून बोलेल आणि कोण नाही, हे तो पहिल्याच दिवशी ओळखायचा. शांतवनला त्यानं 'सपन्या' नाव ठेवलं. सपन्याकडून तो सायकल धुऊन घ्यायचा, आणि साहेब आले की सपन्यानं बांधलेली कलमं स्वतःची म्हणून दाखवायचा. एकदा त्याच्या स्वतःच्या सायकलीचा धक्का लागून चिनी मातीच्या दोन कुंड्या फुटल्या. साहेबांनी त्या पुण्याहून आणवल्या होत्या. आवाज ऐकून शांतवन धावत आला, तर हिंदुरावानं सगळ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. "डोळे हायेत का भोकं?"

शांतवननं गाल चोळला, खाली बसला आणि खापऱ्या गोळा करू लागला.

मुकादम गेल्यावर कौशल्याबाई जवळ आली. "दादा, एक डाव तरी बोला की."

"काय बोलू?"

"फोडल्या त्येनं, मार खाल्ला तुमी. काय बोलू म्हनं!"

शांतवन हसला. त्याला कसं सांगावं ते कळेना. लहानपणापासून त्यानं हेच ऐकलं होतं. आता पिंपरीला शाळेच्या एका खोलीत दर रविवारी उपासना भरायची, तिथंही पाळक यशवंतराव तेच सांगत. चाकरानं धन्याचं ऐकावं. भल्या धन्याचंच नव्हे, तिरसट धन्याचंही. अन्याय झाला तरी देवाला स्मरून सोसावा. प्रभूला शिव्या दिल्या तेव्हा त्यानं उलट शिवी दिली नाही. हे ऐकताना शांतवनच्या आत एक निवांत अंधार पसरे, उन्हातून दाट चिंचेखाली यावं तसा. आपण सोसतो, आपण गप्प राहतो. म्हणजे जगात आपल्याला दुसरं काही जमत नसलं तरी हे एक जमतं.

सोजराचं मत निराळं होतं. गालावरची बोटं बघून ती म्हणाली, "अहो, देवासाठी गप्प बसता का हिंदुरावासाठी?"

"दोन्ही एकच."

"एकच कसं? एक वर असतो आणि एक सायकलवर." आणि तिनं कोमट पाण्यात फडकं भिजवलं.

चैत्र लागला. माळावर ऊन असं पडायचं की दुपारी लांबची टेकडी हलताना दिसे. एके सकाळी शांतवन येऊन बघतो तर विहिरीवरचं पाणी उपसायचं इंजिन जागेवर नाही. चार बोल्ट तेवढे सिमेंटमधून वर आलेले, आणि मातीत बैलगाडीच्या चाकोऱ्या नदीच्या उताराकडं गेलेल्या.

हिंदुराव सायकल टेकवून उभा होता. "दुरुस्तीला धाडलंय. कोणी विचारलं तर तेवढंच सांगायचं."

"कवा येईल?"

"येईल तवा येईल. तवर बादल्या हायेत की."

दुपारी वारा पडला, आणि नदीपलीकडून इंजिनाचा आवाज स्पष्ट ऐकू आला. टुक, टुक, टुक. हिंदुरावाचा कांदा पलीकडच्या काठाला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. कौशल्याबाईनं शांतवनकडं बघितलं. शांतवननं रोपांकडं.

"साहेबांस्नी सांगा," ती म्हणाली.

"मुकादम आपल्यावरचा आहे, बाई. त्याचं त्याच्याबरोबर. आपण पाणी घालू."

आणि त्यांनी पाणी घातलं. विहीर खोल गेलेली. पोहरा सोडायचा, ओढायचा, घागरी भरायच्या, ओळीला जायचं, परत यायचं. उजाडल्यापासून दिवस कलेपर्यंत. तिसऱ्या दिवशी दोरानं कौशल्याबाईच्या तळहाताची सालं निघाली. तिनं लुगड्याचा काठ फाडून बांधला आणि पुन्हा दोर धरला. शांतवनला उन्हात गरगरायचं. खाली विहिरीच्या तळाला पाण्याचा एवढासा तुकडा चमकायचा. आपण ते पाणी शेंदत नसून तेच आपल्याला खाली ओढतंय, असं त्याला वाटायचं. सात दिवस असे गेले. त्या उन्हात दोन्ही वेळा भिजवायच्या सातशे डब्यांना दोन माणसांचं पाणी कुठं पुरणार? रोज काही ओळी कोरड्या राहत. पानं आधी मलूल झाली, मग कडांनी करपली, मग नुसत्या काड्या उरल्या. आठव्या दिवशी इंजिन परत आलं तेव्हा चारशेच्या वर रोपं गेली होती.

दोन दिवसांनी साहेब आले. रोपवाटिकेच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती, तेच ऑफिस. साहेबांनी टोपी टेबलावर ठेवली आणि तिघांना बोलावलं.

आत जायच्या आधी हिंदुरावानं शांतवनला बाजूला घेतलं होतं. खांद्यावर हात ठेवला होता. असा हात त्यानं कधी ठेवला नव्हता. "सपन्या, तू खोटं बोलू नको. तुला जमायचं बी न्हाई. तू नुसता गप राहा. गप राहणं तुमच्या देवाला आवडतं म्हणतात ना?"

साहेब वाईट माणूस नव्हते. पण झाडं मेल्याचं त्यांना खरंच दुःख झालं होतं, आणि दुःखी माणसाला कोणीतरी दोषी लवकर हवा असतो.

"इंजिन चालू होतं साहेब," हिंदुराव म्हणाला. "ही बाई पाण्यावर. मी चार दिवस दुसऱ्या कामावर होतो, तर हिनं सावलीला झोपा काढल्या."

"द्येवाशप्पत खोटं हाय!" कौशल्याबाई ओरडली. "इंजानच नव्हतं! ह्ये हात बघा माझं!"

"हात तर कुणाचेबी फुटतात."

साहेबांनी दोघांना थांबवलं आणि शांतवनकडं वळले. "शांतवन, तू सांग. तू खोटं बोलत नाहीस असं सगळेच म्हणतात. या बाईनं कामात कसूर केली का?"

खोलीत पत्रा तापला होता. बाहेर कुठंतरी गवंडी दगड घडत होते, टाकीचा नाद ठण ठण येत होता. शांतवनला तो नाद ऐकू येत राहिला. कौशल्याबाईचे डोळे आपल्यावर आहेत हे त्याला न बघता कळत होतं. बोलायचं असं त्याच्या मनात आलंही. पण जीभ टाळ्याला चिकटून बसली आणि तिथंच एक जुनी, ओळखीची सावली त्याच्या आत पसरायला लागली. सोसावं. गप्प राहावं. उलट बोलू नये. तो जमिनीकडं बघत राहिला.

"साहेब, गरीब माणूस आहे," हिंदुराव हळू आवाजात म्हणाला. "दुसऱ्याचं वाईट त्याच्या तोंडून निघायचं नाही."

साहेबांनी मान हलवली. त्यांना कळायचं ते कळलं. कौशल्याबाईला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आलं.

बाहेर आल्यावर ती शांतवनसमोर थांबली. ती शिव्या देईल असं त्याला वाटलं, निदान रडेल. तिनं हातावरची चिंधी सोडली, झटकली आणि कमरेला खोचली.

"तुमच्यावर आळ आला तवा तुमी गप बसलासा," ती म्हणाली. "मला वाटलं, केवढा मोठा मानूस! आता कळलं, तुमाला गप बसायचीच सवं हाय. मंग आळ कुनावर का येईना."

आणि ती गेली. आपल्या सासऱ्याच्या रानाच्या बांधावरून, डब्यांच्या ओळींमधून, एकदाही मागं न बघता.

शनिवारी दुपारी शांतवन भाकरी खाऊन विहिरीच्या धावेवर आडवा झाला आणि त्याला झोप लागली. स्वप्नात तो त्याचा रस्ता होता. झाडं वाढून आभाळाला टेकली होती. वारा नव्हता, तरी फुलं गळत होती. एकसारखी, सावकाश, पांढरी. पुढं एक बाई डोक्यावर घागर घेऊन चालली होती. पाठ ओळखीची होती. घागर गळत होती आणि तिला ते माहीत नव्हतं. तिच्यामागं मातीत ओली रेघ उमटत चालली होती. शांतवनला हाक मारायची होती. त्यानं तोंड उघडलं तर तोंड फुलांनी भरलेलं. त्यानं ती बोटानं काढली, आणखी आली. घशातून, छातीतून, फुलंच फुलं. वास इतका गोड येत होता. आणि शब्द निघत नव्हता. बाई लांब लांब गेली, रेघ वाळली, आणि तो त्या सुगंधात गुदमरत उभा राहिला.

तो जागा झाला तेव्हा घामानं चिंब होता. त्यानं उठून पोहराभर पाणी काढलं, चूळ भरली, थुंकला. पुन्हा भरली, पुन्हा थुंकला.

दुसऱ्या दिवशी उपासना संपल्यावर तो मागं राहिला. पाळक यशवंतराव म्हातारे, किडकिडीत, धोतरावर काळा कोट घालणारे गृहस्थ. ते जमिनीवर बसून बाजाच्या पेटीचा फाटलेला भाता खळीनं चिकटवत होते.

"पाळकसाहेब, सोसावं असं तुम्ही सांगता."

"शास्त्र सांगतं. मी नुसता वाचतो."

"मग मी सोसलं, तर आत असं कुजल्यासारखं का वाटतंय?"

यशवंतरावांनी खळीची वाटी बाजूला सरकवली. शांतवननं सगळं सांगितलं. इंजिन, कांदा, सात दिवस, ऑफिस. सांगताना तो दोनदा अडखळला.  शेवटी पाळकांनी विचारलं, "यात सोसलं कोणी?"

"म्हणजे?"

"तुम्ही काय सोसलंत, शांतवनराव? नोकरी त्या बाईची गेली. अब्रू तिची गेली. तुमचं काय गेलं?"

 "पण प्रभू गप्प राहिला..." शांतवन पुटपुटला.

"राहिला. स्वतःवर आळ आला तेव्हा. एका बाईला मारायला लोकांनी धोंडे उचलले होते तेव्हा नाही राहिला. तेव्हा मध्ये उभा राहिला. आणि त्यानं शिवीला शिवी दिली नाही असं जिथं लिहिलंय, तिथंच लिहिलंय की त्याच्या तोंडात कपट नव्हतं. आपण अर्धं पाठ करतो. तुमच्या त्या गप्प राहण्यात कपट होतं का नाही, ते तुम्हीच बघा."

बाहेर लोणावळ्याकडची गाडी गेली. खिडकीची तावदानं थोडी थरथरली. यशवंतराव भात्यावरून बोट फिरवत राहिले आणि मग जरा ओशाळून म्हणाले, "खरं सांगू? चूक माझीही आहे. मीही वर्षानुवर्षं अर्धंच सांगत आलोय. माझ्यासमोर बसतात ते सगळे कोणा ना कोणाच्या हाताखालचे. त्यांना सोसा म्हणणं सोपं जातं. वरची माणसं माझ्या या खोलीत कुठं येतात, की त्यांना काही सांगावं?"

"मग मी काय करू?"

"वाईट वागून मार खाल्ला तर त्यात देवाला कसलं कौतुक? भलं करा, आणि मग जे येईल ते सोसा. तेवढंच सोसणं खरं." त्यांनी वाटी पुन्हा जवळ ओढली. "येईल हं मात्र. येणार नाही असं समजून जाऊ नका."

सोमवारी सकाळी शांतवन आधी हिंदुरावाकडं गेला. हिंदुराव चहा पीत होता.

"मुकादम, मी साहेबांकडं चाललोय. इंजिन कुठं होतं ते सांगायला. तुमच्या पाठीमागं जायला नको, म्हणून आधी इथं आलो."

हिंदुरावाची बशी ओठापर्यंत जाऊन थांबली. सपन्याच्या तोंडून एवढी सगळी वाक्यं एका दमात त्यानं कधी ऐकली नव्हती. "डोकं फिरलं का तुझं?"

"असंल."

"तुझी बी नोकरी जाईल."

"जाईल."

शांतवन तिथून थेट पत्र्याच्या खोलीत गेला. साहेबांसमोर उभा राहिला तेव्हा तो घाबरलेलाच होता. पण जीभ सुटली होती. त्यानं सांगितलं: इंजिन सात दिवस नदीपलीकडं होतं, बाईनं हात फुटेपर्यंत पाणी शेंदलं, आणि मला हे सगळं पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्या दिवशी मी गप्प राहिलो. तेच माझं खोटं.

साहेब उठून खिडकीपाशी गेले. "पहिल्या दिवशी येऊन सांगितलं असतंस तर माझी झाडं वाचली असती," ते म्हणाले.

"होय साहेब."

"हे तुझ्याकडून मला अपेक्षित नव्हतं."

शांतवननं हात जोडले आणि तो बाहेर पडला.

चौकशी झाली. बोल्टांचे आटे, चाकोऱ्या, पलीकडच्या काठचे दोन शेतकरी. खरं बाहेर यायला दोन दिवसही लागले नाहीत. कौशल्याबाईला परत बोलावलं, आणि उरलेल्या रोपांची सगळी जबाबदारी तिच्यावर दिली. हिंदुरावाला मात्र काढलं नाही. त्याचा कोणी मामा वरच्या कचेरीत होता म्हणत. त्याला रोपवाटिकेवरून उचलून कोळशाच्या वखारीवर मुकादम नेमलं. आणि शांतवन? साहेबांनी ठरवलं की ज्याच्या डोळ्यांदेखत चारशे झाडं मेली त्याच्या हाती झाडं देता यायची नाहीत. त्यालाही वखारीवर पाठवलं. पाटी उचलायला. हिंदुरावाच्याच हाताखाली.

सोजरानं हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मग हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "देव तुमचा न्याय करतो का थट्टा?" ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं जेवणात गूळ-तूप वाढलं, सण नसताना.

कोळशाची वखार रुळाला लागून होती. मालगाडीच्या वाघिणी यायच्या, त्यातला कोळसा पाट्यांनी खाली करायचा, आणि भट्टीच्या बाजूला ढीग घालायचा. हिंदुरावानं पहिल्याच दिवशी शांतवनला सगळ्यांत मोठी पाटी दिली. सगळ्यांत उंच ढिगावर त्यालाच चढवलं. दुपारची सुट्टी झाली की त्याला कसलं तरी काम निघे. "ए सपन्या, आता बोल की! जा साहेबाकडं!" बाकीचे हमाल हसत. काही दिवसांनी हसेनासे झाले.

शांतवन गप्प असे. पण हे गप्प राहणं निराळं होतं, आणि सोपं तर अजिबात नव्हतं. पूर्वी मार लांबून लागायचा. आता अगदी जवळून लागत होता. कधी कधी ढिगाच्या टोकावर उभा असताना खाली हिंदुरावाचा पटका दिसे, आणि भरलेली पाटी तिथंच उलटी करावी अशी त्याला जबर इच्छा होई.  मग तो पाटी दुसऱ्या अंगाला रिकामी करी आणि खाली उतरे. शिवी तोंडात आली की तो तिचा कडूपणा जिभेवर घोळवत राही, आणि गिळे. आपल्यात इतका राग आहे हे त्याला माहीतच नव्हतं. आता रोज कळत होतं.

एकदा हिंदुरावानं भिमाजी नावाच्या म्हाताऱ्या हमालाच्या डोक्यावर जादा पाटी चढवायला घेतली. शांतवन मध्ये आला. "ती मला द्या, मुकादम. त्याला होणार नाही." आवाज चढला नव्हता. हिंदुरावानं त्याच्याकडं बघितलं, पाटी त्याच्याकडं ढकलली, आणि त्या दिवशी पुन्हा म्हाताऱ्याच्या वाट्याला गेला नाही.

घरी सोजरा कपडे धुताना कुरकुरायची. "साबण पुरत नाही तुमच्या भक्तीला." शांतवन ओट्यावर बसून गरम पाण्यात पाय सोडी आणि डोळे मिटी. पूर्वी डोळे मिटले की झाडं दिसत. आता पुष्कळदा माणसंच दिसत: भिमाजीची मान, कौशल्याबाईचे तळहात. कधी कधी हिंदुरावसुद्धा. तो उभा असे, काही न बोलता, आणि त्याच्याभोवती कोळशाची धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगत असे.

पौषात एके सकाळी नदीवरून असं दाट धुकं आलं की वखारीतला ढीग हाताच्या अंतरावर दिसेना. वाघिणी कुठंतरी अडकल्या होत्या. हमालांनी जुन्या फळकुटांची शेकोटी केली आणि सगळे तिच्याभोवती कोंडाळं करून बसले. हिंदुराव एकटाच लांब उभा होता. त्याला कोणी ये म्हटलं नाही. शांतवनही थोडा बाजूला, रुळाच्या लाकडावर बसला होता. धुक्यात आवाज लांबून आल्यासारखे वाटत, आणि माणसं पाण्याखाली असल्यासारखी.

थोड्या वेळानं हिंदुराव त्याच्या शेजारी येऊन बसला. दोघांत हातभर अंतर. पटक्याच्या घडीतही कोळसा गेला होता. 

"लई दिवस वाट बघतोय मी," हिंदुराव एकदम म्हणाला. "तू शिवी कवा देतोस म्हणून."

"येते तोंडात."

"मग?"

"गिळतो."

"दिली असतीस तर बरं झालं असतं." त्यानं काडीनं जमिनीवर रेघोट्या ओढल्या. "मग आपण दोघं सारखं झालो असतो."

शांतवननं धुक्याकडं बघितलं. काय बोलावं हे त्यानं ठरवलं नव्हतं. शब्द आपणच आले.

"सारखेच आहोत, मुकादम. तुम्ही त्या बाईवर आळ घेतला, तेव्हा मी तिथंच उभा होतो. सगळं माहीत असून. मी काही तुमच्यापेक्षा उंचावर बसलेलो नाही."

हिंदुरावाच्या हातातली काडी मोडली.  त्याचा चेहरा शांतवनला धड दिसत नव्हता. पण शेजारी बसलेल्या माणसाचा श्वास जड झाला की कळतं, तेवढं कळलं. शांतवनला मनातल्या मनात प्रार्थना करायची होती. तीही जमली नाही. त्यानं नुसतं नाव घेतलं: हिंदुराव. एवढंच. आणि पुन्हा एकदा.

रुळावर शीळ वाजली. धुक्यातून इंजिनाचा दिवा आधी फिकट, मग पिवळा होत पुढं आला आणि त्याच्यामागं वाघिणींची काळी रांग. हमाल उठले. हिंदुरावही उठला, धोतर झटकलं.

"ए सपन्या, ऊठ," तो म्हणाला. आवाज तोच, विहिरीत घुमल्यासारखा.

शांतवन उठला. पहिली पाटी भरली. ती डोक्यावर घ्यायला समोरून कोणाला तरी हात लावावा लागतो. भिमाजी पलीकडं अडकला होता. शांतवन पाटीला हात घालून वाट बघत उभा राहिला. मुकादमानं पाटीला हात लावायची वखारीत रीत नव्हती. हिंदुराव दोन पावलं पुढं आला, इकडंतिकडं बघितलं, आणि खाली वाकून त्यानं दुसरा काठ धरला.

"हं, उचल," तो म्हणाला.